आपटेवाले काकाजी

अमरावतीच्या साईनगरापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत, जिथे कंपाउंडच्या आत थोडी काळी माती शिल्लक आहे, तिथे आपटेवाले काकाजी आढळतात. ते बहुधा सेवानिवृत्त असतात. सिंचन, महसूल नाहीतर जिल्हा परिषद. शेजारी लिंबू आणि पेरू लावतात. काकाजी आपटा लावतात. हे झाड मेळघाटाच्या रानातले, पानझडी, वाकड्या अंगाचे, वाढायला सावकाश आणि माणसाला खायला काही न देणारे. काकूंचा मूळ आक्षेप या शेवटच्या मुद्द्यावर आहे.

लागवड मात्र शास्त्रशुद्ध. बी गरम पाण्यात रात्रभर भिजवायचे आणि रोप पावसाच्या तोंडी उंचवट्यावर लावायचे, कारण काळ्या मातीत पाणी तुंबते. पुढे दोन-तीन उन्हाळे रोप जपावे लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, नळ रोज येत नाही. तेव्हा कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी आपट्याला जाते आणि मोगरा वाळतो. मोगरा काकूंचा.

खरी परीक्षा पानगळीत. झाडाचा खराटा झाला की शेजारी कंपाउंडवरून सांत्वनाला येतो, "काकाजी, वायलं वाटते जी झाड." काकाजी नखाने साल खरवडून आतली हिरवी रेघ दाखवतात, "हे पाय, जित्तं हाये!" हे प्रात्यक्षिक प्रत्येक पाहुण्यासमोर होत असल्याने खोड छातीच्या उंचीवर कायम सोललेले असते. उन्हाळ्यातली बारीक, पिवळट-पांढरी फुले कोणाच्या लक्षात येत नाहीत. काकाजी ती बोलावून दाखवतात.

त्यांचे हाडवैर कांचनाशी. पाने दोघांचीही जोडपाने, त्यामुळे दसऱ्याच्या बाजारात कांचन सर्रास आपटा म्हणून खपतो. आपट्याचे पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचे मोठे नि मऊ. हातात आलेले प्रत्येक पान काकाजी सराफासारखे पारखतात. नापास झाल्यास देणाऱ्याला व्याख्यान मिळते.

वर्षभर "गाडी लावायला आडवं येते" म्हणून बदनाम असलेल्या या झाडावर खंडेनवमीच्या रात्री सगळी कॉलनी तुटून पडते. काकाजी बॅटरी घेऊन पहारा देतात, पण पहाटे डोळा लागतोच. दसऱ्याच्या संध्याकाळी तीच मंडळी अंबादेवीचे दर्शन आटोपून सोने द्यायला येतात. अळीने कुरतडलेले पान गॅलरीखालच्या फांदीचे, हे काकाजी दारातच ओळखतात. समोरचा वाकून पाया पडतो. काकाजी पान घेतात, तोंडभर आशीर्वाद देतात आणि हळूच विचारतात, "फांदी त नाई मोडली न?"