हँडल उजवीकडे, गाडी डावीकडे

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीवर फ्लॅट ट्रॅक शिकू इच्छिणाऱ्यांसाठी प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही फ्लॅट ट्रॅक शिकायचं ठरवलंत आणि त्यासाठी साठ वर्षांची ब्रिटिश गाडी घ्यायचंही ठरवलंत. यातलं एकच काहीतरी ठरवलं असतंत, तर घरच्यांनी समजूत काढून तुम्हाला परत आणलं असतं. दोन्ही एकदम ठरवलंत, त्यामुळे आता शिकवण्यावाचून इलाज नाही.

खेळ अमेरिकेचा. मातीचा लंबगोल ट्रॅक आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने फेऱ्या, म्हणजे सतत डावीकडेच वळायचं. यातले मोठे ट्रॅक बहुधा जत्रेच्या मैदानावरचे, मुळात घोड्यांच्या शर्यतींसाठी आखलेले. काही अर्ध्या मैलाचे, काही पुऱ्या मैलाचे. स्प्रिंगफील्ड आणि सॅक्रामेंटोचे मैल प्रसिद्ध. सॅन होजेलाही एक होता. आज तिथे राहणाऱ्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांना आपल्या गावात एके काळी ही धूळ उडत होती याचा पत्ता नसेल.

धडा १ : गाडीची निवड

दोन घराणी आहेत. पहिलं बीएसएचं, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नावावरून कळतं की मंडळी मूळची बंदुका बनवणारी. त्यांची ५०० सीसी एकसिलिंडर गोल्ड स्टार ही या खेळातली मानाची गाडी. १९३७ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर वॉल हँडलीने बीएसएवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाची फेरी मारली. तशी फेरी मारणाऱ्याला तिथे सोन्याचा तारा मिळे, त्यावरून पुढच्या गाडीला हे नाव पडलं. दुसरं घराणं ट्रायम्फचं, दोन सिलिंडरचं. जोर उत्तम, पण थरथर अशी की आरशात मागची गाडी आहे की दोन, हे सांगता येत नाही. शर्यतीसाठी आरसे काढूनच टाकायचे असतात, तेव्हा हा प्रश्न आपोआप मिटतो.

एक सूचना. बीएसए हे नाव २०१६ पासून महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे आणि काही नव्या ट्रायम्फ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. या गाड्या शोरूममध्ये मिळतात, बटण दाबलं की सुरू होतात आणि खाली तेल सांडत नाहीत. या अभ्यासक्रमाला त्यांचा काही उपयोग नाही.

धडा २ : नियम वाचा आणि चिडा

१९३० च्या दशकात अमेरिकेत ‘क्लास सी’चे नियम झाले. ज्या इंजिनाचे व्हॉल्व्ह बाजूला, त्याला ७५० सीसीची मुभा. ज्याचे व्हॉल्व्ह वर डोक्यात, त्याला ५०० चीच. अमेरिकन हार्लेचे व्हॉल्व्ह बाजूला होते आणि ब्रिटिश गाड्यांचे वर. योगायोग म्हणतात तो हाच.

तरीही पाचशेच्या गाड्या साडेसातशेंना भिडल्या. कॅलिफोर्नियात गार्डेनाच्या ॲस्कॉट पार्कवर गोल्ड स्टारचा दबदबा होता. सॅमी टॅनर तिथला राजा. १९६३ चं राष्ट्रीय विजेतेपद डिक मानने ब्रिटिश गाड्यांवर घेतलं. १९६७ आणि १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षं गॅरी निक्सनने ट्रायम्फवर. साठीच्या दशकाच्या अखेरीस नियम बदलला, सगळ्यांना ७५० ची परवानगी मिळाली. लगेच १९७० मध्ये जीन रोमेरो ट्रायम्फवर आणि १९७१ मध्ये पुन्हा डिक मान बीएसएवर विजेता.

आता न्याय झाला असं वाटत असेल तर पुढे वाचा. १९७२ मध्ये हार्लेने ॲल्युमिनियमच्या इंजिनाची एक्सआर ७५० आणली आणि बीएसए कंपनीचं दिवाळं वाजायला लागलं. ते विजेतेपद ब्रिटिश गाडीकडे पुन्हा आलं नाही. थोडक्यात, तुम्ही जी गाडी घेताय तिचं दैव हे असं. नियम विरुद्ध असताना जिंकणारी, आणि नियम बाजूने वळल्यावर घरचेच वासे फिरलेली.

धडा ३ : पाने

तुमच्याकडचा दहा-अकराचा, बारा-तेराचा पाना कपाटात ठेवून द्या. इथे व्हिटवर्थचे पाने लागतात. या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. पान्यावर १/४ लिहिलंय म्हणून मोजपट्टी घेऊन त्याचं तोंड मोजू नका. तिथे पाव इंच सापडणार नाही. शिवाय एकाच गाडीत दोन-तीन जातींचे आटे असतात. एकाचा बोल्ट दुसऱ्यात दोन वेढे गोडीगुलाबीने जातो, तिसऱ्याला अडतो, आणि चौथा वेढा तुम्ही जोर लावून दिलात की लेथवाल्याचं घर चालतं.

तेलाबद्दल फार विचारू नये. गाडीखाली तेलाचा डाग असेल तर आत तेल आहे. डाग नसेल तर आधी टाकी तपासा.

धडा ४ : सुरुवात

जुनी बुलेट चालवलेल्यांना हा धडा माफ. त्यांना डीकॉम्प माहीत आहे, उजव्या पायातला गिअर माहीत आहे आणि किकने पोटरी फोडणं म्हणजे काय तेही माहीत आहे. बाकीच्यांनी लिहून घ्यावं.

कार्बोरेटरवरचं छोटं बटण बोट पेट्रोलने ओलं होईपर्यंत दाबा. हँडलवरच्या खटक्याने ठिणगी उशिराची करा. किक हळूहळू दाबत न्या. पिस्टन वर येऊन अडला की व्हॉल्व्ह उचलायचा खटका ओढून त्याला किंचित पुढे सरकवा. किक वर येऊ द्या. आता सगळं वजन टाकून एकच सलग किक, अर्धवट नाही. अर्धवट मारलीत तर गाडी ती किक व्याजासकट परत करते आणि तुम्ही आठवडाभर लंगडता.

धडा ५ : ब्रेक

ब्रेक काढून टाका.

घाबरू नका, साठीच्या दशकात लंबगोल ट्रॅकवर सगळेच असे पळत. पुढच्या चाकाला तर ब्रेकचं नावही नको, कारण मातीवर तिरकं असलेलं पुढचं चाक अडलं की माणूस चाकाच्या पुढे जातो. मग गाडी थांबवायची कशी? त्यासाठी धडा ७ आहे. पण आधी पायात काहीतरी घाला.

धडा ६ : डाव्या पायाचा जोडा

घोड्यांच्या ट्रॅकवर आता नाल माणसाला ठोकायची आहे, तीही एकाच पायाला. डाव्या बुटाखाली पोलादी पत्र्याचा तळ पट्ट्याने बांधतात. वळणावर हा पाय काढून जमिनीवर टेकवायचा असतो, आणि रबरी तळ मातीत रुतला की गुडघा उलटा फिरतो. पोलाद घसरत राहतं. कॅलिफोर्नियात केन मेली नावाचा कारागीर स्वाराच्या बुटाच्या मापाने हे तळ बनवून देई. मोठमोठे विजेते त्याच्याकडे पाय घेऊन जात.

पाय टेकवायचा म्हणजे त्याच्यावर रेलायचं नाही. लग्नाच्या पंगतीत जावई वाढायच्या भांड्याला हात लावतो तेवढाच लावायचा. भार दुसऱ्यांनी उचलायचा असतो. इथे दुसरा म्हणजे उजवा पाय. सगळं वजन उजव्या फूटरेस्टवर हवं.

धडा ७ : वळण

सरळ पट्टीवर पूर्ण रेस देऊन या. मैलाच्या ट्रॅकवर आजच्या गाड्या ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातात. तुमची म्हातारी त्याहून कमी जाईल, पण तुम्हाला फरक कळणार नाही. समोर कुंपण मोठं व्हायला लागलं की रेस सोडा आणि गाडी डावीकडे झोकून द्या. मागचं चाक सुटून बाहेर जाईल. याच क्षणी शरीरातला प्रत्येक स्नायू सांगेल की आता बस्स, रेस बंदच ठेव.

त्या स्नायूंचं ऐकू नका. रेस उघडा.

कारण असं. आडवी घसरणारी गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक असते. टायर मातीला खरवडतो आणि वेग उतरतो. मागचं चाक फिरत राहिलं तरच ते बेतात घसरत राहतं. मध्येच रेस बंद केलीत तर घसरणारा टायर एकदम माती पकडतो, आडवी झालेली गाडी उसळून सरळ होते आणि तुम्हाला पलीकडच्या बाजूला फेकते. नुसती घसरून पडलेली गाडी बरी. तीत कपडे फाटतात आणि अब्रू जाते, हाडं बहुधा राहतात.

एव्हाना पुढचं चाक उजवीकडे वळलेलं आहे आणि गाडी डावीकडे चालली आहे. हे बरोबर आहे, हँडल सरळ करायला जाऊ नका. गाडी खाली दाबा, स्वतः ताठ बसा, उजवं कोपर वर. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे. आता दिशा हँडलने ठरत नाही, उजव्या मनगटाने ठरते. थोडी जास्त रेस दिली की गाडीचं शेपूट बाहेर जातं, थोडी कमी केली की आत येतं. इथे ती जुनी ब्रिटिश एकसिलिंडर गाडी आपली किंमत वसूल करून देते. तिचा जोर खालपासून येतो आणि प्रत्येक ठोका वेगळा लागतो. चाक माती कुठे पकडतंय, कुठे सोडतंय, हे बुडाखाली कळत राहतं.

गॅरेजमध्ये तुम्ही जे सोसलंत त्याचाही उलगडा इथेच होतो. सगळं आपल्या ताब्यात हवं असा हट्ट असलेला माणूस व्हिटवर्थच्या पान्यांपाशीच हा नाद सोडतो. जो टिकतो, त्याला अर्धवट ताब्यात असलेल्या गोष्टीबरोबर नेटाने काम करायची सवय झालेली असते. वळणावर एवढीच लायकी लागते.

धडा ८ : मातीची परीक्षा

शर्यतीआधी टँकर पाणी मारून जातो. तेव्हा माती मऊ असते, बाहेरच्या बाजूला सैल भर साठते, आणि धीट स्वार तिच्यावर टेकून उंचावरून फिरतात. फेऱ्या वाढल्या की आतल्या बाजूला एक अरुंद पट्टा कडक होतो. टायरचं रबर चोपून तो निळसर काळा, चकचकीत दिसायला लागतो. तिथेच पकड. पट्ट्याच्या वीतभर बाहेर गेलात की खाली नुसता भुसभुशीत चुरा आणि वर तुमचे देव. एकच ट्रॅक दुपारी एक असतो, संध्याकाळी दुसरा. म्हणून चहा पिताना गाडीकडे पाहू नका, दुसऱ्यांच्या शर्यतीतली माती पाहा. गाडीकडे पाहून तेल वाढत नाही.

उत्तीर्ण होण्यासाठी

पूर्ण वळण रेस बंद न करता घेणाऱ्याला उत्तीर्ण समजण्यात येईल. जिंकण्याला जादा गुण नाहीत. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली तर पाच गुण; सगळे नट-बोल्ट सोबत आले तर परीक्षक फेरतपासणी करतील.

दुसऱ्या वर्षाचा विषय टीटी. इलिनॉयमधल्या पिओरियासारख्या त्या ट्रॅकवर एक उडी असते आणि एक वळण उजवीकडे असतं. या शर्यतींसाठी ट्रायम्फने दिवे नसलेली खास टीटी बोनव्हिल विकायला काढली होती, तेव्हा गाडीची काळजी नाही. काळजी विद्यार्थ्यांची आहे. वर्षभर डावीकडे वळल्यावर बहुतेकांचं उजवं अंग कच्चं राहतं, म्हणून प्रवेशपरीक्षेत पार्किंगमधून उजवीकडे बाहेर पडून दाखवावं लागेल.