पक्षी मोफत, डीजे सोबत

कर्नाळा अभयारण्य जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं. पण पनवेल परिसरातल्या फार्महाउसांच्या जाहिराती वाचल्या, तर ते निम्म्या रायगडभर पसरलेलं दिसतं. जो तो ‘कर्नाळ्याच्या कुशीत’! फलकावर स्वर्गीय नर्तकाचा फोटो, त्याखाली रेन डान्स, डीजे आणि अनलिमिटेड तंदुरी. 1968 साली पाखरांसाठी राखलेल्या या रानाचं भाग्य असं, की शेजाऱ्यांना पक्षी एकच ठाऊक: शेगडीवरचा.

अहो मालक, खरा माल ओळखा. पाऊस लागला की इवलासा तिबोटी खंड्या या पट्ट्यात घरटं करायला येतो. त्याला बघायला मुंबईची माणसं कॅमेरे सावरत, डास मारत चिखलात तासन् तास उभी राहतात. त्यांना पहाटे चहा-पोहे द्या, गावातलाच एखादा पाखरं ओळखणारा वाटाड्या द्या, घरट्यापासून लांब ठेवा आणि रात्री झोपू द्या. खुशीने पैसे मोजतील. शांततेला ना भाडं, ना वीजबिल.

अडचण एकच: शांततेचा आवाज शेजारच्या फार्महाउसपर्यंत पोचत नाही. मग आपला धंदा जोरात चाललाय, हे शेजाऱ्याला कळणार कसं?