साहेबांचे सर

जामखेडच्या खर्डा चौकात सकाळी काखेत प्लॅस्टिकची फाइल, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि नजर येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीवर, असा इसम दिसला की खुशाल समजावं, हे मराठीचे सर. सर म्हणायचं ते आपलं मानाने. शाळा अजून मिळायची आहे. एम.ए., बी.एड. होऊन बरीच वर्षं झाली. मधल्या काळात एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं, तिथे दर महिन्याला 'पुढं बघू' एवढाच पगार निघायचा.

सरांची सगळी भिस्त साहेबांवर. साहेबांची संस्था आहे, संस्थेत मराठीची जागा आहे आणि तिथे म्हणे आपलाच माणूस घ्यायचा आहे. तो आपला माणूस होण्यासाठी सर तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाला आणि दहाव्याला साहेबांच्या आधी हजर. साहेब "काय म्हणता सर?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे सरकतात. तेवढ्यावर सर दोन महिने काढतात. बायकोला सांगतात, "आज साहेबांनीच विषय काढला."

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'हार्दीक' वाचून त्यांच्या पोटात कालवतं. पण खाली शुभेच्छुकांत स्वतःचाच फोटो! बोलणार कुणाला?

पुढे सरांनी साहेबांना एक भाषण लिहून दिलं. टाळ्या पडल्या, आणि घोटाळा तिथेच झाला. नोकरी लावली तर हा गडी वर्गात अडकणार, मग भाषणं कोण लिहिणार? हा हिशेब साऱ्या चौकाला कळतो. समास सोडवणाऱ्या सरांना तेवढा सुटत नाही.

खरं तर अनुदानित शाळांची भरती 2017 पासून पवित्र पोर्टलवर गेली. टेटचे, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे, गुण मोजतात. खाजगी संस्थेला मुलाखत घेता येते, पण मुलाखतीच्या यादीत यायलाही गुणच लागतात. माध्यमिकला लागलं तर तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना 18 हजार. हे सगळं मी सरांना समजावून सांगितलं.

"साहेब बोलतील की पोर्टलशी," सर म्हणाले.

2025 ची टेट मे अखेरीला सुरू झाली. नेमकी त्याच सुमारास, 31 मेला, शेजारच्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींची 300 वी जयंती आली. सरांनी रात्री जागवल्या. साहेबांचं भाषण झकास झालं.