माझं काम नाही, पण करतो

शाळेत नात्यांना तोटा नसतो. शिपाई म्हणजे मामा, क्लार्क म्हणजे भाऊसाहेब, मराठी शिकवतात त्या बाई, विज्ञान शिकवतात त्या मॅडम. प्रयोगशाळा सहायक मात्र काका. काका म्हटलं की मानही दिला जातो आणि स्टाफरूममध्ये खुर्ची द्यावी लागत नाही.

ज्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथं काका होतेच. अंगकाठी वेगळी, गाव वेगळं, वाक्य तेच : "हे माझं काम नाही, पण करतो."

त्यांचं काम काय, हे सगळ्यांना माहीत असतं. द्रावणं तयार करायची, तासाच्या आधी साहित्य मांडायचं, डेडस्टॉक रजिस्टर ठेवायचं. पण मुख्याध्यापकांच्या लेखी ज्याच्या हातात खडू नाही तो रिकामा. त्यामुळे वेतन पथकात फाइल पोचवायला काका, परिपाठाला माइक 'हॅलो हॅलो' करायला काका, सहलीत ज्या मुलाला उलटी होते त्याच्या शेजारच्या सीटवर काका. निवडणूक आली की त्या ड्यूटीच्या यादीतही काका. प्रत्येक वेळी ते वाक्य म्हणायचं आणि निघायचं. न म्हणता निघालेले काका मी पाहिलेले नाहीत.

काकांचा खरा मानबिंदू म्हणजे श्रेणी. सहायक तृतीय श्रेणीत, परिचर चतुर्थ श्रेणीत. ही एक पायरी काकांनी जन्मभर जपलेली असते. परिचर टेस्टट्यूब धुवायचा तेव्हा काका हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि "ब्रश तळापर्यंत जाऊ दे," एवढंच बोलायचे. पुढं ११ डिसेंबर २०२०चा शासन निर्णय आला. अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं, माणूस निवृत्त झाला की संपणार आणि त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळणार. ग्रामीण भागात एका पदामागं महिना ५,००० रुपये. आमचा परिचर यथावकाश नारळ-शाल घेऊन घरी गेला. त्याच्या जागी संस्थेनं एक पोरगा ठेवला. त्याला हायवेवरच्या ढाब्यावर जास्त मिळतात हे कळल्यावर तो सकाळी सांगूनसुद्धा गेला नाही. तेव्हापासून टेस्टट्यूब काका धुतात. प्रयोगशाळेचं दार आतून लावून. कुणी दार वाजवलं की आधी नळ बंद झाल्याचा आवाज येतो, मग हात पुसायला लागेल एवढा वेळ जातो आणि मग काका रजिस्टर हातात घेऊन दार उघडतात.

या रजिस्टरात काकांची सगळी सत्ता आहे. शाळेतल्या प्रत्येकाला प्रयोगशाळेतलं काहीतरी हवं असतं. पीटीच्या सरांना खरचटल्यावर लावायला स्पिरिट, स्नेहसंमेलनवाल्यांना स्टेजवर धूर. काका कुणालाही नाही म्हणत नाहीत. शांतपणे रजिस्टर उघडतात, पेनाचं टोपण काढतात आणि विचारतात, "देतो की. कारण काय लिहू?" या प्रश्नापुढं भलेभले माघारी गेलेले आहेत. एकदा मुख्याध्यापकांनी शेतातल्या डाळिंबावर फवारायला मोरचुदाचा विषय काढला. काका म्हणाले, "आपल्याकडे अडीचशे ग्रॅमची बाटली आहे, सर. झाडं किती आपली?" सर हसले आणि त्यांनी परिपाठाच्या वेळेविषयी बोलायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर मागितलं होतं. त्यांनाही काकांनी कारण विचारलं. भाऊसाहेब हसले नाहीत. क्लार्क विसरत नसतो, त्याची सगळी नोकरीच जुने कागद सापडण्यावर चालते.

नवीन मॅडम रुजू झाल्या की काकांचा दुसराच अवतार दिसतो. मॅडम एम.एस्सी., बी.एड., सुवर्णपदक वगैरे. काका बारावी सायन्स, दुसऱ्या प्रयत्नात. मॅडम शिक्षणसेवक, म्हणजे तीन वर्षं मानधनावर. कनिष्ठ महाविद्यालयाला ते महिना २०,००० असतं. काकांचा पगार त्याहून बराच जास्त. हे दोघांनाही ठाऊक असतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. त्या "काका, जरा बीकर देता?" म्हणतात, ते "हो मॅडम" म्हणतात, आणि शाळा चालते.

पहिल्याच प्रात्यक्षिकात मॅडमनी ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन लावलं. ब्युरेटमधून पहिला थेंब पडला आणि फ्लास्कमधलं पाणी जांभळं होऊन बसलं. रंग जाईना. मॅडमनी ढवळलं, मुलींनी ढवळलं, मॅडमनी बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं. हे द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करून घ्यावं लागतं, नाहीतर सुरुवातीला रंग जाता जात नाही. बाई विसरल्या होत्या. (मी बाई लिहिलं, मॅडम.) काका पुढं आले. "आज गारठा फार आहे, मॅडम," असं म्हणून त्यांनी बर्नर पेटवला आणि फ्लास्क वर ठेवला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, मुलींनी वह्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली होती. रंग गेला. मग मॅडम रीडिंग घ्यायला खाली वाकल्या तेव्हा काका कुणाकडेही न बघता म्हणाले, "आधीचे सर परमँगनेटची वरची कड बघायचे. खालची दिसत नाही म्हणायचे, गडद रंगामुळं." असे आधीचे सर नव्हतेच. आधीच्या सरांना काकांनी आधीच्याच सरांचं नाव सांगून शिकवलं होतं. मुलांसमोर शिक्षकाची चूक काढायची नाही, हा काकांचा नियम. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांसमोर एकमेकांच्या चुका काढण्यात आमची मधली सुट्टी जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली की काका पांढरा शर्ट घालून येतात. बाहेरचे परीक्षक येणार, तीस मार्कांचा प्रश्न, मॅडमना दोन दिवस झोप नाही. परीक्षकांना चहात साखर किती लागते हे मात्र काकांना पाठ, कारण तालुक्यात फिरून फिरून तेच चार-पाच परीक्षक येतात. कुठल्या पुडीत कुठला क्षार आहे, हेही काकांना माहीत, पुड्या त्यांनीच बांधलेल्या. मुलं डोळ्यांनी त्यांना विचारत असतात. काका सांगत नाहीत. सांगितलं असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही. ते टेबलांमधून पाणी बघत फिरतात. एखादी मुलगी तिसऱ्या गटात अडकून रडकुंडीला आलेली असते. काका तिच्या वॉशबॉटलमध्ये पाणी भरता भरता विचारतात, "नवीन बिल्डिंगमध्ये राहायला गेलात म्हणे. कितवा मजला? पाचवा ना?" मुलगी बिचारी झेडपीच्या क्वार्टरमध्ये राहत असते, तिथं पाचवा मजला कुठला आलाय! पण हुशार पोर असेल तर थेट पाचव्या गटाकडं वळते आणि तिला बेरियम सापडतो. एकदा एका भोळ्या मुलानं "नाही काका, आमचं घर पत्र्याचं आहे," असं मोठ्यानं सांगितलं. परीक्षकांनी मान वर केली. काका म्हणाले, "घरकुलाचा अर्ज कर मग," आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

मी इतकी वर्षं काकांना पाहतो आहे, त्यांचा तोल गेलेला मी एकदाच पाहिला. अठ्ठावन्न पुरी व्हायला वर्ष उरलं होतं. तृतीय श्रेणीचा माणूस अठ्ठावन्नला निवृत्त होतो आणि चतुर्थ श्रेणीचा साठला, हे काकांना नोकरीभर माहीत होतं. पण धाकट्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात आल्यावर त्यांनी ते पहिल्यांदा नीट वाचलं. मग एका दुपारी ते मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेले. मी तिथं गॅदरिंगच्या हिशेबासाठी बसलो होतो.

"सर, परिचर गेल्यापासून टेस्टट्यूब मीच धुतो," काका म्हणाले. जन्मात पहिल्यांदा, दार उघडं ठेवून. "झाडूही मीच मारतो. म्हणजे तसं बघितलं तर मी चतुर्थ श्रेणीतच काम करतोय."

सरांनी चष्मा काढला. "मग?"

"तेवढी दोन वर्षं बघा ना, सर."

सरांनी अशा वेळी मुख्याध्यापक करतात तेच केलं, बेल मारून भाऊसाहेबांना बोलावलं. भाऊसाहेबांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मग स्वतःची डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"अर्ज द्या की," ते म्हणाले. "तीन प्रतींत. कारण सविस्तर लिहा. आणि झेरॉक्स बाहेरून आणा, काका, आपला टोनर फक्त शाळेच्या कामासाठी आहे."