गाडी ‘मोकळी’ करून देणाऱ्या मिस्त्रींस

रा. रा. मिस्त्री, मुक्काम डहाणू-चारोटी रस्त्यालगत, यांस साष्टांग नमस्कार.

नाव मुद्दामच घालत नाही. घातलं तर हायवेपासून तलासरीपर्यंतचे तुमचे व्यवसायबंधू ‘आमचं का नाही’ म्हणून रुसतील.

पत्रास कारण की, आमच्या २००८ सालच्या पेट्रोल गाडीवर आपण केलेल्या उपकाराचा उलगडा परवा झाला. दुसऱ्या एका गॅरेजात गाडी रॅम्पवर चढवली. तिथल्या पोराने कॅटकॉनच्या, म्हणजे धूर गाळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, डब्यावर रबरी हातोडी हाणली आणि डबा रिकाम्या पिंपासारखा घुमला. खालून बॅटरी मारली, तर डब्याच्या पोटावर वेल्डिंगची ओबडधोबड शिवण, वरून काळा रंग फासलेला. कापलं, आतली जाळी छिन्नीने फोडून काढली, पुन्हा शिवलं. बिलावर मात्र आपण लिहिलंत: ‘सायलेन्सर सर्व्हिसिंग’.

आपल्या निदानकौशल्याला तर तोड नाही. आमची तक्रार साधी होती. मेंढवणच्या खिंडीत गाडी दम टाकते, चौथा गिअर पेलत नाही आणि उभी असताना इंजिन थरथरतं. आपण बॉनेट उघडण्याआधीच सांगितलंत, “शेठ, पंप गेला.” पंप बदलला. मग फिल्टर. मग इंजेक्टर धुतले. मग क्लच प्लेट, कारण ‘खोललंच आहे तर’. थरथरीचं विचारलं, तर म्हणालात, “तलासरीकडे २०१८ पासून जमीन हलतेय शेठ, गाडी हलली तर काय!” आम्ही हसलो. आपण हसलात. बिल वाढलं.

ती थरथरच तर खरी खूण होती, मिस्त्री! एका सिलिंडरला ठिणगी नीट मिळत नव्हती. त्यातलं पेट्रोल न जळताच पुढे जायचं आणि तापलेल्या कॅटकॉनमध्ये जाऊन पेटायचं. त्या आचेने आतली चिनी मातीची जाळी वितळते, तुकडे पडतात, वाट बुजते. धूर बाहेर पडेना की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि खिंडीत गाडी बसते. म्हणजे रोग इग्निशनचा, मेलं ते कॅटकॉन, आणि ऑपरेशन झालं क्लचचं.

मग आपण स्कॅनर जोडून जाहीर केलंत, “कॅटकॉनचा कोड आला.” इथे मात्र हात टेकले. कॅटकॉन निकामी झाल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळायचं, तर जाळीच्या आधी एक आणि जाळीनंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर लागतात. दोघांचं वाचन ताडून तो निकाल देतो. भारतात ही दुसरा सेन्सर मागणारी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून. आमच्या गाडीला सेन्सर एकच, तोही पुढचा. म्हणजे जो साक्षीदार जन्मालाच आला नाही, त्याची जबानी आपण नोंदवून घेतलीत!

खरी तपासणी काय मोठी होती? पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा, इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरायचं. काटा वर चढत राहिला तर वाट बुजलेली. हातोडीने डबा ठोकून बघायचा, आत खडखड वाजलं तर जाळी फुटलेली. आधी प्लग आणि कॉइल दुरुस्त करायची आणि मगच नवं कॅटकॉन घालायचं. नाहीतर नवंही त्याच आचेत जळणार. यातलं काहीच आपण केलं नाहीत. छिन्नी तेवढी चालवलीत.

आणि ती जाळी गेली कुठे, हे तर मला फार नम्रपणे विचारायचं आहे. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा हात फिरवलेला असतो. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. मुंबई-पुण्यापासून गुजरातपर्यंत चोरांनी मारुती इकोचे सायलेन्सर रातोरात कापून नेले, ते या मातीसाठीच. त्या बिचाऱ्यांना अंधारात, पोलिसांना चुकवत काम करावं लागलं. आपल्याला गिऱ्हाइकाने किल्ली आणून दिली, वर मजुरीही दिली.

आणि जाळी नसलेल्या अशा गाडीला प्रदूषण-चाचणीत पास करणाऱ्या पीयूसीवाल्यांना एकच ओळ: नळी सायलेन्सरमध्ये न घालता पास करायची असेल, तर निदान गाडी सुरू असल्याचं नाटक तरी करा.

आता थट्टा पुरे. देशाने पेट्रोलमधलं शिसं काढलं, त्यामागे ही जाळी हे एक मोठं कारण होतं, कारण शिशाने ती मरते. मुंबईत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन आणि बिनशिशाचं पेट्रोल आलं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. आणि आपण ज्या गावात बसून छिन्नी चालवता, ते डहाणू आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये इथल्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. कंपनी वर्षानुवर्षं टाळत राहिली. २००५ मध्ये तीनशे कोटींची बँक हमी मागावी लागली, तेव्हा कुठे २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. स्थानिक कार्यकर्त्या नर्गिस इराणींसारख्या माणसांनी आणि चिकूच्या बागायतदारांनी यासाठी आयुष्यातली वर्षं घातली. पाचशे मेगावॉटच्या चिमणीला गाळणी लावायला गाव कोर्टात उभं राहिलं, आणि आमच्या गाडीची गाळणी तुम्ही चहा संपायच्या आत भंगारात घातलीत. मला न विचारता! कार्बन मोनॉक्साइड सरळ रस्त्यावर, बाजारपेठेत, शाळा सुटताना. याला कारागिरी म्हणत नाहीत मिस्त्री, याला फसवणूक म्हणतात. कायदाही मजेशीर आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, तेही गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला. छिन्नी चालवणाऱ्याचं त्या कलमात नावही नाही.

हे सगळं लिहिताना आपल्या हाताखालचा पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही. गोणपाटावर उताणा पडून तो जाळी फोडत असेल, तेव्हा ती राखाडी धूळ आधी त्याच्याच नाका-डोळ्यांत गेली असणार. ना मास्क, ना गॉगल. आपणही असेच कुणाच्या तरी चपराका खात शिकला असाल. गेज कसा वाचायचा हे शिकवायला आपल्याकडे कुणी आलं नाही. आणि गिऱ्हाईक? उधवा गावाला सीटं भरून इको पळवणारा माणूस कॅटकॉनची किंमत ऐकून म्हणतोच, “कायतरी स्वस्तात करा.” पंधरा वर्षं जुन्या गाडीचं कंपनीचं कॅटकॉन घ्यायचं तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. कंपन्यांनी कोड आणि भाग आपल्या मोठ्या वर्कशॉपच्या भिंतीआड ठेवले आणि गावच्या मिस्त्रीच्या हाती छिन्नी राहिली. हे खरं आहे, आणि त्याबद्दल माझा राग तुमच्यावर नाही.

राग आहे तो न सांगण्यावर. “शेठ, नवं महाग पडेल, बाहेरचं स्वस्त मिळेल, जाळी काढली तर बेकायदा होईल,” एवढी तीन वाक्यं बोलायला कुठला स्कॅनर लागत नव्हता.

नवं कॅटकॉन बसवलं आहे, बाहेरच्या कंपनीचं, आधी कॉइल बदलून. गाडी खिंड चढते. तुमच्याकडे माझी मागणी एकच: जुनी जाळी किंवा तिचे पैसे परत करा, आणि त्या पोराला मास्क घेऊन द्या. आणि हे वाचणाऱ्या जुन्या गाडीवाल्यांनो, गॅरेजातून निघताना काढलेला प्रत्येक भाग हातात मागून घ्या. मिस्त्री द्यायला कां कूं करू लागला, तर समजा की त्या भागाला भाव आहे.

आपला, अद्याप बिल फाडलं नाही असा,
एक गिऱ्हाईक