सवाई मिस्त्री

सरकारी हिशेब तपासण्यात हयात घालवलेला मराठी माणूस निवृत्तीनंतर जयपुरातच राहिला, की कागदातल्या चुका काढायचं थांबवतो आणि भिंतीतल्या काढायला लागतो. तिथल्या मानसरोवर वसाहतीतले आमचे काका या वाणाचा अस्सल नमुना. गल्लीत त्यांना ‘इंजीनियर साब’ म्हणतात. पदवी बी. कॉम.ची आहे, पण ती कुणी विचारलेली नाही.

काका पैसे वाचवायला दुरुस्त्या करतात, अशी काकूंची समजूत आहे. मिस्त्रीचे चारशे रुपये टाळण्यासाठी आणलेल्या ड्रिल मशीनची किंमत त्यांना अजून कळलेली नाही, म्हणून ही समजूत टिकून आहे. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्याने सांगितलेलं कारण काकांच्या गळी उतरत नाही. याला आधार थेट सवाई जयसिंहाचा. पितळेच्या छोट्या यंत्रांचे आस झिजतात, खुणा बारीक पडतात, वेध चुकतात, म्हणून त्याने दगडचुन्यात जंतरमंतर उभारलं. तिथलं सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच. सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतं. पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काका त्याच्या पायऱ्यांपाशी उभं करतात आणि म्हणतात, “बघा, राजा असून कंपनीचा माणूस बोलावला नाही!” (जयसिंहाच्या पदरी ज्योतिषी आणि गवंडी होते, हे पाहुण्यांनी परतीच्या गाडीत वाचावं.)

तर जुलैत स्वयंपाकघरातली चिमणी गळायला लागली. जयपूरचा पाऊस तो केवढा, वर्षाला साठेक सेंटिमीटर; रत्नागिरीच्या माणसाने त्याला पाऊस म्हणूही नये. पण 1981च्या जुलैत याच शहरात महापूर आला होता, म्हणून काका इथल्या ढगांना कमी लेखत नाहीत. त्यांनी परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका कारागिराकडून पत्र्याची टोपी करून आणली आणि पाइपच्या बाहेरच्या तोंडावर बसवली. गळती थांबली. इथे एखादा सामान्य माणूस थांबला असता.

काकांना मात्र टोपीखाली कबुतरं दिसायला लागली. अल्बर्ट हॉलसमोर माणसं त्यांना पोत्यांनी ज्वारी घालतात, तेव्हा जयपुरात कबुतरांचा तुटवडा पडायचा प्रश्नच नाही. काकांनी बारीक जाळी ठोकली. महिन्याभरात फोडणीच्या तेलाने जाळी लिंपून गेली आणि धूर माघारी फिरला. यावर काकांचं निदान: धूर वर जातो हा निसर्गनियम, आणि आपला पाइप आडवा! त्यांनी बाहेरच्या टोकाखाली विटेचा तुकडा सारून पाइप चांगला चार बोटं उचलला. घाण झालेली जाळीही त्याच वेळी काढली, त्यामुळे धूर जायला लागला आणि श्रेय विटेला मिळालं.

जानेवारीत आभाळ निरभ्र असताना चिमणी पुन्हा गळली. यावेळी पिवळं, चिकट. नेमकं पोह्यांच्या कढईत. काकांनी एम-सील लावलं, त्यावर सिलिकॉन फासलं. तेलकट पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही, हे ट्यूबवर लिहिलेलं असतं. पण ट्यूबवरचा मजकूर म्हणजे पुन्हा दुसऱ्याने सांगितलेलंच.

मकर संक्रांतीला सगळं जयपूर छतावर. ‘वो काटा!’च्या आरोळ्या, तिळाचे लाडू, फीणी. काकाही छतावर, पण शिडी लावून, पाइपच्या टोपीत अडकलेला मांजा सोडवत. ती संधी साधून काकूंनी कोपऱ्यावरच्या दुकानातला विशीतला पोरगा बोलावला. त्याने पाइपवरून नुसता हात फिरवला.

“अंकल, ढाल उल्टी है. पानी बाहर जाना चाहिए, आप घर बुला रहे हो.”

गरम वाफ थंड पाइपला लागते, तिचं पाणी होतं, ते वाटेतलं तेल गोळा करतं आणि उताराने निघतं. जयपूरच्या जानेवारीत रात्री पारा आठ अंशांवर येतो, मग पाइप गारठणारच. उतार बाहेर असता तर हा ऐवज भिंतीमागच्या गल्लीत पडला असता. काकांच्या विटेने तो कढईत आणला होता.

काका बोलले नाहीत. आत गेले, पाणसळ घेऊन आले, पाइपवर ठेवली. बुडबुडा पोराच्या बाजूने होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बुडबुड्याने साक्ष फिरवली नाही. मग पोराने वीट काढली, आतल्या बाजूची पट्टी वर घेतली, जोडावर अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळली आणि तीनशे रुपये घेतले. काकूंनी वर लाडूही दिले.

जाता जाता पोरगा म्हणाला, पलीकडच्या सेक्टरमध्ये अशीच एक चिमणी गळतेय, शिडी मिळेल का? काका शिडी कुणाला एकटी देत नाहीत. ते स्कूटरवर मागे बसले, मांडीवर पाणसळ, खांद्यावर शिडी.

त्या घरच्या बाईंनी दार उघडलं, तेव्हा पोराच्या आधी काकाच आत शिरले. “बहनजी, सबसे पहले ढाल देखते हैं,” ते म्हणाले. “ये लड़के लोग सीधे सिलिकॉन लगा देते हैं.”