आधी टाकी

जिन्याखाली ताडपत्री पांघरून पडलेली जुनी मोटरसायकल दिसली की काही माणसांचा पाय पुढे पडत नाही. आमच्या सोसायटीतले काका त्यातले. गाडी कुणाची, किल्ली कुठाय, मालक हयात आहे का, हे प्रश्न मागाहून. ते ताडपत्री उचलतात, टाकीचं झाकण काढतात आणि हापूसची पेटी हुंगावी तसं आत नाक खुपसतात.

"व्हार्निश!"

म्हणजे पेट्रोल वर्षानुवर्षं पडून उडून गेलंय आणि तळाला चिकट राळ उरलीय. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलतो की मालकालाही गाडी सडल्याचं वाईट वाटेनासं होतं.

सध्या त्यांच्या हाती तिसऱ्या मजल्यावरच्यांची येझदी आहे. मैसूरच्या कारखान्याला १९९६ मध्ये कुलूप लागलं, पण काका अजून 'कंपनीचं म्हणणं' सांगतात. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर साफ करून दिला की गाडी आठवडाभर चालायची, मग भर चौकात बंद. काकांनी कपाळाला हात लावला. "अहो, वर गंज तसाच आणि खाली जेट पुसताय? आधी टाकी. मग कॉक, मग नळी. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी." पेट्रोल वरून खाली येतं, तेव्हा सफाईही वरूनच, हे तत्त्व ते जिना झाडणाऱ्या मावशींनाही ऐकवतात. मावशी पहिल्यापासून वरूनच झाडतात.

टाकी म्हणजे उत्सव. आत मूठभर नट टाकायचे, व्हिनेगर भरायचं, तोंडं बंद करून रात्रभर ठेवायचं. व्हिनेगरच्या बाटल्या इतक्या गेल्या, की किराणावाल्याने काकूंना चायनीजची गाडी कुठे लावताय, असं विचारलं. सकाळी टाकी खुळखुळवायला पोरं जमवली. लालभडक पाणी निघालं. मग सोड्याच्या पाण्याने धुणं, नाहीतर उरलेलं आम्ल पत्रा खात बसतं. वाळवायला काकूंचा हेअर ड्रायर, न विचारता. नट मोजून टाकले होते. काढताना एक जास्त भरला. "कंपनीचा असणार," म्हणून काकांनी तो खिशात ठेवला.

कार्बोरेटर मात्र घरात, वर्तमानपत्र पसरून. तिथे पोरांना मज्जाव. फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. बुडबुडे आले तर त्याला भोक. पायलट जेट उजेडाकडे धरून एक डोळा लावायचा. त्यात सुई घालणाऱ्या पुतण्याशी काकांनी अबोला धरला होता. भोक जरा मोठं झालं की पेट्रोलचं माप कायमचं चुकतं. वायरीतली तांब्याची एकच तार, तीही हलक्या हाताने, ही त्यांची परवानगी.

हेच निदान माणसांनाही लागू. जावई सकाळी उठत नाही? "पायलट जेट." सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये पाच मिनिटं बोलून गप्प होतात? "झाकणाचं भोक बुजलंय. वरून हवा शिरली नाही तर पेट्रोल उतरणार कसं? झाकण सैल करा, बोलतील." सेक्रेटरींनी बोलत राहावं असं इतर कुणालाच वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या रविवारी येझदी जोडून झाली. हिचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो. नवीन पोरं किक शोधत गाडीभोवती फिरतात, ते काकांनी मनसोक्त बघितलं. मग स्वतः किक मारली. पार्किंगभर निळा धूर. मालक पेढे आणायला पळाले. ते परत आले तरी गाडी एका लयीत चालूच होती. काकांनी कान लावला. चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. कॉक बंद करून उघडला. काहीच बिघडेना, तसे ते कासावीस झाले.

"फारच गोड चालतेय," ते म्हणाले. "मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडत असणार. टू-स्ट्रोक आहे, पिस्टन जाम होईल."

आणि पेढा गालात सरकवून त्यांनी पान्यासाठी हात पुढे केला.